फेअर ट्रेड म्हणून बेळगाव-निपाणी-खानापूर-अथणी भागात नेमकं काय बघून घ्यायचं?

टिळकवाडी_ताई
मंडळी, फेअर ट्रेड म्हणजे बनवणाऱ्याला रास्त मोबदला देणारा व्यापार. पण तो म्हटला की निळा-हिरवा शिक्का मारलेली महाग कॉफी आणि चॉकलेट, इथेच गाडी थांबते. तसले शिक्के आपल्याकडच्या किराणा दुकानात फारसे दिसतही नाहीत. उलट आपल्या भागात चप्पल, साडी, गूळ, काजू, मिरची, खादी, मडकी सगळं बनतं आणि बनवणारा तासाभराच्या अंतरावर राहतो. मग साध्या महिन्याच्या खरेदीत त्याच्यापर्यंत रास्त पैसे पोचावेत म्हणून गिऱ्हाइकाने काय बघायचं, काय विचारायचं?

"लोकल घ्या" एवढंच उत्तर नको. मजुरी मारणारा लोकलही असतो. एकेक वस्तू घेऊन सांगा, आणि जमेल तिथे किमतीचा हिशेब मांडा.

सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत. भांडण तिकडे.

गणित_मास्तर
आधी शिक्क्यांचं उरकून टाकू, म्हणजे मग इकडचं बोलता येईल.

कॉफीवरचा पहिला शिक्का १९८८ साली नेदरलँड्समध्ये आला, 'माक्स हावेलार' नावाने. आजच्या निळ्या-हिरव्या फेअरट्रेड चिन्हामागे दोन आकडे असतात: किमान भाव आणि त्यावर प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम. धुतलेल्या अरेबिका कॉफीला ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला किमान १.८० डॉलर, वर २० सेंट प्रीमियम. बाजारभाव किमान भावाच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा. प्रीमियम एकेका शेतकऱ्याच्या हातात पडत नाही. तो सहकारी संस्थेकडे जातो आणि कशावर खर्चायचा ते सभासद मतदानाने ठरवतात.

चिन्हाशेजारी छोटा बाण असला तर पाकिटाची मागची बाजू वाचा. कोको, चहा, साखर आणि फळांचे रस यांत माल वेगळा ठेवायची सक्ती नाही. कारखान्याने जेवढा फेअरट्रेड माल विकत घेतला तेवढाच शिक्क्यासह विकायचा, एवढी अट. तुमच्या हातातल्या वडीत नेमका त्याच शेतकऱ्याचा कोको असेल असं नाही, पण त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात. बेडकाचं चित्र असतं तो रेनफॉरेस्ट अलायन्सचा शिक्का. त्यात किमान भावाची हमी नाही, दोन्ही एकच समजू नका.

हस्तकलेत डब्ल्यूएफटीओचं म्हणजे जागतिक फेअर ट्रेड संघटनेचं नाव दिसतं. ते वस्तूला नव्हे, संस्थेला पारखतात. त्यांच्या दहा तत्त्वांपैकी एक आपल्याला थेट लागू पडतं: हस्तकलेची ऑर्डर देताना कारागिराने मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची.

पाव_किलो
मास्तर, हे परीक्षेला आहे का ओ?

गणित_मास्तर
आहे. वीस मार्कांना. बाण विसरू नका.

हिरडा
चप्पल माझ्याकडे द्या.

कोल्हापुरी चप्पलेचं भौगोलिक मानांकन (जीआय) आठ जिल्ह्यांना मिळून आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणी, मदभावी, निपाणीला बनलेली चप्पल 'डुप्लिकेट कोल्हापुरी' नाही. ती कायद्यानेही अस्सल. दुकानदार "हे अथणीचं, कोल्हापूरचं नाही" म्हणत भाव पाडून घेतो किंवा उलट अथणीचाच जोड कोल्हापूरचा म्हणून चढ्या भावाने खपवतो. दोन्हीकडे मार खातो तो बनवणारा.

आता जोड हातात घेतल्यावर काय बघायचं. तळाची कापलेली कड बघा. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं आतून-बाहेरून एकसारखं तपकिरी असतं. क्रोममध्ये कमावलेल्याचा गाभा निळसर-राखाडी दिसतो, वरून रंग दिला तरी कडेला उघडा पडतो. पाण्याचा थेंब टाका: सालीत कमावलेलं कातडं तो हळूहळू पितं आणि तिथे डाग गडद होतो, रेक्झीनवर थेंब तसाच बसून राहतो. तळाची शिलाई चामड्याच्या वादीची आहे का बघा. नुसत्या डिंकावर चिकटवलेला तळ पहिल्या पावसात तोंड उघडतो. वेणी बोटाने थोडी बाजूला सारा. खरी वेणी पट्ट्यात ओवलेली असते, नकली वर चिकटवलेली.

वेणी घालणं, भोकं पाडून नक्षी करणं हे काम बहुतेक घरच्या बायका करतात आणि व्यापारी जोडामागे जी मजुरी लावतो त्यात ते वेगळं धरलेलंच नसतं. म्हणून कारागिराकडे थेट गेलात तर "जोड केवढ्याला" बरोबर "वेणी कोण घालतं, त्याचे वेगळे किती" हेही विचारा. प्रश्न खवचट वाटेल, पण जिथे बायकांना वेगळी मजुरी मिळते तिथे उत्तर लगेच येतं. अथणीत महिला बचत गटांतून 'टोहोल्ड' नावाचा समूह उभा राहिला, त्यांचा माल परदेशात गेला, तो याच मुद्द्यावर: बाई घरची मदतनीस नाही, कारागीर आहे आणि सभासद आहे.

खडे_बोल
हिरडाण्णा, सगळं मान्य. पण जीआय म्हणजे फेअर ट्रेड नव्हे. जीआय सांगतं माल कुठला आणि कोणत्या पद्धतीचा. मजुरी किती दिली यावर त्यात चकार शब्द नाही. जीआयचा टॅग लावून कारागिराला कवडीमोल दिलं तरी टॅग खोटा ठरत नाही.

हिरडा
बरोबर, आणि म्हणूनच टॅगवर थांबू नका म्हणतोय. एक फरक मात्र आहे. जीआयमध्ये 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून कारागीर स्वतःच्या नावाने नोंदणी करू शकतो. दुकानात टॅग कोणाच्या नावाचा आहे ते बघा, व्यापाऱ्याच्या की कारागिराच्या किंवा गटाच्या. क्यूआर कोड असला तर स्कॅन करा.

सांगलीचा_पाहुणा
म्हणजे इटलीच्या प्राडा फॅशन कंपनीने जून २०२५ मध्ये मिलानला जे रॅम्पवर आणलं ते कुठल्या जिल्ह्याचं म्हणायचं?

हिरडा
आधी कुठलंच नव्हतं, नावही घेतलं नव्हतं, त्यावरूनच तर बोंब झाली. पुढे डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २००० जोड, इथेच बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो.

पाव_किलो
८०० युरोची चप्पल देवळाबाहेर काढून ठेवायला वेगळा माणूस लागेल.

निपाणी_नाका
आमच्या निपाणीत फेअर ट्रेड बिडी निघाली तर सांगा, शिक्का कुठे मारायचा तो प्रश्न आहे. धुराला मारता येत नाही.

टिळकवाडी_ताई
नाका, थट्टा पुरे, पण विषय बाद नाही. बिडीचं गणित कसं चालतं ते सांगाल का?

निपाणी_नाका
सांगतो की. बिडी वळणाऱ्या बाईला हजार बिड्यांवर मजुरी. तंबाखू आणि पान ठेकेदार मोजून देतो. पान वाळकं, फाटकं निघालं तर हजार भरत नाहीत, पण पान मात्र पूर्ण दिल्याचं धरलं जातं. कमी पडलेलं पान तिने पदरच्या पैशाने आणायचं. शिवाय माल देताना 'छाट': वाकडी, सैल म्हणून मूठभर बिड्या बाजूला काढायच्या, त्याची मजुरी नाही. छाटलेल्या बिड्या मात्र विकल्या जातातच. सरकारी किमान मजुरी कागदावर कितीही असो, गळती या दोन जागी. हे फक्त बिडीचं नाही, नगावर मजुरी असलेल्या प्रत्येक धंद्यात हेच बघायचं: कच्चा माल मोजून कोण देतो आणि नापास कोण करतो.

ओढणाऱ्याला यात करण्यासारखं काही नाही, न ओढणं सोडून. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथे हायवे अडवला गेला, गोळीबार झाला, माणसं गेली. गिऱ्हाइकाच्या निवडीने सुटणारे प्रश्न वेगळे आणि रस्त्यावर बसून सुटणारे वेगळे, एवढं या धाग्यात मान्य करून पुढे जाऊ.

चिपाड
नाकासाहेबांचं शेवटचं वाक्य साखरेलाही लागू. साखरेत गिऱ्हाइकाला निवड नाही. सगळ्या कारखान्यांची साखर दुकानात एकाच पोत्यात. तिथे एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारी किमान भाव आहे: २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. भांडण होतं ते तोडणी-वाहतूक किती कापली यावर, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लापूरला शेतकरी बसले ते भावावर.

गुळात मात्र निवड आहे, भरपूर आहे. हिशेब बघा. एक टन उसाला साधारण १०० ते ११० किलो गूळ पडतो. उसाला टनाला ३३०० धरा: नुसत्या उसाचेच किलोमागे ३० ते ३३ रुपये झाले. त्यावर तोडणी, गुऱ्हाळापर्यंतची वाहतूक, गुळव्याची मजुरी, चुलवाणावरच्या माणसाची मजुरी, भेंडी, चुना, इंजिनाचं डिझेल किंवा वीज, रव्याचं म्हणजे ढेपेचं कापड, अडत. जळण म्हणून चिपाडच जातं, तेवढीच बचत. आता दुकानात पिवळाधमक गूळ ४०-४२ ला मिळत असेल तर दोनपैकी एक: ऊसवाल्याला भाव मिळालेला नाही, किंवा त्यात ऊसच कमी आहे. स्वस्त साखर काहिलीत ओतून गूळ वाढवतात. अशा गुळाची ढेप फोडली की आत बारीक स्फटिक चकाकतात आणि तो दगडासारखा कडक असतो.

रंगाचं वेड गिऱ्हाइकाने सोडावं, अर्धं काम तिथेच होतं. पिवळा रंग येतो हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटने. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७०), पण गुऱ्हाळावर कोण मोजतो? मुठीने टाकतात. ओळख: हायड्रॉसचा गूळ आणताना पिवळा असतो आणि डब्यात काही आठवड्यांत काळवंडत जातो. भेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ आधीपासूनच तांबूस-तपकिरी असतो. बाजारात मात्र पिवळ्या रव्याला बोली जास्त, तपकिरीला कमी. म्हणून चांगला गूळ करणाऱ्याला कमी पैसे आणि वर काळा म्हणून हेटाळणी.

कित्तूर_चेन्नम्मा_सर्कल
चिपाडराव, मग "केमिकलविरहित" लेबलवाला १२० रुपये किलो घ्यायचा का?

चिपाड
लेबलवाल्याला विचारा, गुऱ्हाळ कुठलं, ऊस कोणाचा, टनाला काय दिलं. १२० पैकी ऊसवाल्याला तेच ३३ रुपये जात असतील तर उरलेला पैसा डब्याचा आणि जाहिरातीचा. बरं, लहान वड्या पाडायला मजुरी जास्त लागते, ती वाजवी वाढ आहे. पाच किंवा दहा किलोची ढेप तीन-चार घरांनी मिळून हंगामात गुऱ्हाळावरून घेतली तर सगळ्यात बरं. साठवताना पावसाआधी डब्यात घट्ट बंद करा. ओल लागली की गूळ सुटतो, पाणी होतं.

खडे_बोल
हेच म्हणत होतो. जास्त किंमत म्हणजे जास्त मजुरी नव्हे. या धाग्याच्या मथळ्यावर हे लाल अक्षरात लिहा.

टिळकवाडी_ताई
लाल अक्षर इथे येत नाही, नाहीतर लिहिलं असतं. खानापूरकडचे कोणी आहे का? काजू?

खानापुरी_जंगलातून
आहे की ताई. काजूत फसवणूक दोन टप्प्यांवर. पहिला बीचा. मार्च ते मे हंगाम. गावातला व्यापारी ओली बी घेतो, ओलीचं वजन जास्त म्हणून भाव पाडतो, आणि पाडताना खऱ्या ओलाव्यापेक्षा जास्त पाडतो. दोन-तीन कडक उन्हं दिली, बी हातात खुळखुळ वाजली की भाव बदलतो, पण बागवाल्याला पैशाची निकड असते म्हणून तो थांबत नाही. इथेही आगाऊचाच प्रश्न बघा मास्तर.

दुसरा टप्पा गराचा. साधारण चार किलो बीतून एक किलो गर. म्हणून गराचा भाव ऐकलात की चाराने भागा. बीचा चालू भाव त्यापेक्षा जास्त असेल तर तो गर इथल्या बीचा असणं शक्यच नाही. आफ्रिकेतली बी आयात होऊन इथल्या कारखान्यात फुटते, ते वाईट नाही, पण "खानापूर-चंदगडचा काजू" म्हणून विकू नये. आता ग्रेड. डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडात ३०० ते ३२० गर. पौंड ४५४ ग्रॅमचा. म्हणजे १०० ग्रॅममध्ये ६६ ते ७० दाणे यायला हवेत. डब्ल्यू २४० ला ४८ ते ५३. डब्ल्यू १८० ला ३७ ते ४०. घरी काट्यावर १०० ग्रॅम काढा आणि मोजा. २४० चे पैसे देऊन ६८ दाणे निघाले तर पुढे बोलायला पुरावा झाला.

फोडणाऱ्या बायकांचं: कवचातलं तेल कातडी जाळतं. एरंडेल लावून किंवा हातमोजे घालून काम करतात. हातमोज्याने वेग कमी होतो आणि मजुरी किलोवर असते, म्हणून मोजे कोपऱ्यात पडून राहतात. शिवाय अख्ख्या गराला जास्त, तुकड्याला कमी मजुरी. बी नीट उकडली-वाळवली नसेल तर कितीही हात हलका ठेवा, गर तुटणारच. चूक कारखानदाराची, कापली जाते बाईची मजुरी. लहान युनिटवर गेलात तर बघा: हातमोजे घातलेले दिसतात का, आणि अख्खा-तुकडा मिळून एकच दर आहे का. घरी खीर, बर्फी, वाटणाला पाकळी किंवा तुकडाच घ्या. चव तीच, आणि युनिटचा अडकलेला माल मोकळा होतो.

सांगलीचा_पाहुणा
चाराने भागायचं हे झकास. आजच दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होईल.

खानापुरी_जंगलातून
दुकानदाराशी भांडू नका ओ, त्यालाही घाऊकवाल्याने तसंच दिलेलं असतं. पुढच्या वेळी दुसरा माल मागा, बास.

जाता जाता: खानापूरच्या मडक्यांना खादी आयोगाची केंद्रीय ग्राम कुंभारकला संस्था इथेच असण्याचा आधार आहे. माठ घेताना बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजला तर भट्टी नीट लागलेली. बद्द वाजला तर तडा किंवा कच्चा. कच्चा निघाला तर भाव करू नका, दुसरा घ्या.

उभा_आडवा
साडीवर बोलतो. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबागचे माग बहुतांश पॉवरलूम आहेत हे आधी स्वीकारा. "पॉवरलूम म्हणजे फसवणूक, हातमाग म्हणजे फेअर ट्रेड" ही समजूत चुकीची. पॉवरलूमवालाही मजुरीवरच विणतो: शेठ सूत देतो, साडी घेतो, साडीमागे मजुरी देतो, डाग-दोष निघाला तर कापतो. विजेचं बिल, मागाची दुरुस्ती विणकराकडे. निपाणी_नाका म्हणाले तेच: मोजणारा आणि नापास करणारा एकच. फसवणूक तेव्हा होते जेव्हा पॉवरलूमची साडी हातमागाच्या किमतीला जाते. तेव्हा दोन्ही विणकर मरतात आणि मधला जगतो.

इरकल (इलकल) ओळखायची सोपी खूण. अस्सल इरकलचं अंग आणि पदर यांचे ताणे (उभे धागे) वेगवेगळे असतात, आणि ते मागावरच फाशांनी एकमेकांत अडकवलेले असतात. हा टोप-तेनीचा पदर, आणि फाशांचा तो जोड म्हणजे कोंडी. पदर जिथे सुरू होतो तिथे साडी उलटी करून आडव्या रेषेवर बोट फिरवा, जोड हाताला लागतो. यंत्राच्या नकलेत ताणा सलग, जोड नाहीच. पदर रेशमी म्हणून सांगत असतील तर पदराच्या दशीतला एक धागा जाळा: रेशीम केस जळाल्यासारखा वास देऊन चुरगळणारी राख देतं, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. सुताचा वास कागद जळाल्यासारखा. हातमागाच्या काठाला कापड ताणून धरणाऱ्या काडीच्या टोचण्या अनियमित दिसतात. २००६ पासून 'हँडलूम मार्क'चं लेबल आहे, पण लेबल काढून दुसरीवर लावता येतं, जोड लावता येत नाही.

विणकराला थेट मदत करायची तर सणानंतर घ्या. दसरा-दिवाळी-लग्नसराई संपली की शेठ सूत देणं आखडतो, माग बंद पडतात. घरून विकणारे बरेच आहेत.

खादी_बारामास
खादीत सगळ्यात स्वच्छ हिशेब मिळतो, म्हणून लिहितो. कातणाऱ्याची मजुरी गुंडीवर. गुंडी म्हणजे १००० मीटर सूत. १ एप्रिल २०२५ पासून गुंडीला १५ रुपये. ३३ नंबरचं सूत म्हणजे किलोत ३३ गुंड्या, म्हणजे किलोमागे कताईचे ४९५ रुपये. शर्टाचं अडीच मीटर कापड साधारण ३०० ग्रॅम धरा: दहा गुंड्या, १५० रुपये कातणाऱ्याला. विणकराचे, धुण्या-रंगवण्याचे वेगळे. आता कुणी अख्खा "शुद्ध खादी" शर्ट २५० रुपयांना दिला तर तो काय आहे ते तुम्हीच ठरवा. खादी मार्कचा टॅग बघा. २०१३ च्या नियमांनुसार तो नसेल तर खादी म्हणून विकता येत नाही.

बेळगावपासून जवळ हुदलीला खादी-ग्रामोद्योगाचं काम जुनं आहे. गांधीजी १९३७ ला तिथे येऊन राहिले होते.

कित्तूर_चेन्नम्मा_सर्कल
२ ऑक्टोबरची सूट घेतली तर कातणाऱ्याचं नुकसान होतं का?

खादी_बारामास
नाही. मजुरी आधीच दिलेली असते आणि किंमत ठरलेल्या तक्त्याने निघते. अडचण वेगळी आहे: सगळं गिऱ्हाईक ऑक्टोबरात येतं, वर्षभर संस्थेचा पैसा कपाटात पडून राहतो, मग पुढचा कापूस घ्यायला भांडवल नाही आणि कातणाऱ्यांना काम थांबतं. जून-जुलैत एक टॉवेल, एक चादर पूर्ण किमतीत घ्या, सूट ऑक्टोबरात घ्या. दोन्ही चालेल.

कांदा_मार्केट
भाजीवर कुणीच आलं नाही. कर्नाटकात मार्केट यार्डातली दलाली खरेदीदाराने द्यायची, शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून) कापायची नाही. प्रत्यक्षात पट्टीत 'इतर' म्हणून काहीतरी असतंच, शिवाय पोत्यामागे वजनाची सूट. शेतकरी ओळखीचा असेल तर त्याला पट्टी नीट वाचून, जपून ठेवायला सांगा.

घेणाऱ्याने ओळखायचं असं: ज्याच्यापुढे पंधरा प्रकारच्या भाज्या, तो विकत आणून विकणारा. ज्याच्यापुढे दोनच, समजा मेथी आणि मुळा, आणि मुळांना ओली माती, तो बहुधा शेतातून आलेला. दुसऱ्याकडे घासाघीस करून पेंडीमागे दोन रुपये वाचवू नका. पहिल्याशी भाव करा की, तो धंदा आहे, त्यालाही समजतं.

खडे_बोल
विकत आणून विकणारीही पहाटे उठून डोक्यावरूनच आणते. तिच्याशी भाव का करायचा?

कांदा_मार्केट
भाव करणं म्हणजे अन्याय नव्हे, खडेबुवा. तिने भाव सांगताना मार्जिन ठेवलेलं असतं, संध्याकाळी ती स्वतःच उतरवते. उधार ठेवून महिना महिना न देणं, हा अन्याय. आणि तो करणारे भाव न करणारेच असतात बहुतेक!

पाव_किलो
शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं हे.

मिरचीचा_ठसका
एकच ओळ. संकेश्वरी मिरची घेताना सदेठ का बिनदेठ विचारा. देठ काढायची मजुरी बायकांना किलोवर असते, बिनदेठची किंमत जास्त असलीच पाहिजे. दोन्हीचा भाव एकच सांगितला तर कुठेतरी ती मजुरी गडप आहे.

टिळकवाडी_ताई
आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. एकट्या घराने असं किती होणार? महिला मंडळ, गणेश मंडळ, लग्नातले आहेर अशी एकदम खरेदी असेल तर काय वेगळं करता येईल?

गणित_मास्तर
तिथे गिऱ्हाइकाचा हात खरा मोठा. तीन गोष्टी.

अर्धी रक्कम आगाऊ, लेखी. आगाऊ नसेल तर कारागीर कातडं किंवा सूत व्यापाऱ्याकडून उधार घेतो आणि मग माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावात घालावा लागतो. तुमच्या आगाऊने ती साखळी त्या ऑर्डरपुरती तुटते.

पैसे वेळेवर. समोरचा सरकारी 'उद्यम' नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने ठरलेली मुदत ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही, लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, मासिक चक्रवाढीने. नुसत्या व्यापाऱ्याला हे कलम मिळत नाही, बनवणाऱ्याला मिळतं. म्हणून थेट बनवणाऱ्या गटाला नोंदणी करून घ्यायला सांगा, फुकट होते.

आणि मुदत द्या. "पंधरा दिवसांत दोनशे जोड" म्हटलं की कारागीर बाहेरून तयार माल उचलून देणार, किंवा घरातली पोरं रात्री बसणार.

हिरडा
मुदतीवरून चप्पलेचं सांगतो. पावसाळ्यात कातडं वाळत नाही आणि गिऱ्हाईकही नसतं. जून ते सप्टेंबर कारागीर उधारीवर काढतो, आणि दिवाळीचा माल याच काळात व्यापाऱ्याला स्वस्तात बांधला जातो. दिवाळीचे किंवा लग्नाचे जोड हवे असतील तर ऑर्डर आणि अर्धे पैसे जुलैत द्या, माल ऑक्टोबरात घ्या. आणि सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, "टॅक्स वाढला" म्हणून कुणी किंमत चढवली तर विचारा.

सांगलीचा_पाहुणा
घरातल्या पाच जणांचे जोड अथणीला सांगायचे आहेत. माप फोनवर नंबर सांगून चालेल का? चिठ्ठीत काय लिहायचं?

हिरडा
नंबर नको. कारखान्याच्या बुटाचा नंबर आणि हाताच्या चप्पलेचं माप जुळत नाही. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाहेरची रेघ मारा, पेन्सिल सरळ धरून, संध्याकाळी. सकाळपेक्षा पाय तेव्हा थोडा मोठा असतो. एक पाय मोठा असतोच, त्यावर खूण करा. चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी आणि पाऊल जिथे उंच तिथे दोरा गुंडाळून लांबी लिहा. पट्टा आणि कान (बाजूच्या पाकळ्या) त्या मापाला बेततात. किंचित घट्टच सांगा. सालीत कमावलेलं कातडं वापरात सैल होतं.

चिठ्ठीत: जोड किती, प्रकार (कापशी, साधी पट्टा, वेणी किती पदरी), रंग नैसर्गिक की काळा, तळ किती पदरी, दर, आगाऊ किती, माल कधी, उरलेले कधी. दोन प्रती, दोघांच्या सह्या. आल्यावर पहिले चार दिवस घरात घाला, चप्पलेच्या अंगठ्याला खोबरेल लावून. भिजली तर सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवली की तळ वाकडा होतो आणि मग दोष कारागिराला लागतो.